तांब्याची फुलदाणी आणि 1956 सालचं पत्र

मी पोस्टातून निवृत्त झालेला माणूस, फोंड्याला राहतो. 31 वर्षं लोकांचे पत्ते वाचले आणि शेवटी फसलो तो एका पत्त्यातच.

म्हापशाहून कळंगुटकडे जाताना जुन्या सामानाची दुकानं लागतात. आरामखुर्च्या, चिनी मातीच्या बश्या, मोडक्या घरातून निघालेल्या खिडक्या. त्यातल्या एका दुकानात (नाव लिहीत नाही, वकिलांनी नको म्हटलंय) कोपऱ्यात ती उभी होती. सव्वादोन फुटांच्या वर उंच, चौकोनी, सडपातळ, अंगावर हिरवट-तपकिरी झाक.

दुकानदार म्हणाला, "ती विकायची नाही, मुंबईचं गिऱ्हाईक ठरलंय." मग चहा मागवला आणि चहाबरोबर गोष्ट आली. अमेरिकेतला मोठा वास्तुशिल्पी फ्रँक लॉइड राइट. त्याने 1900 च्या आगेमागे रानातल्या वाळक्या काड्या ठेवायला अशी उंच तांब्याची फुलदाणी आखली आणि शिकागोच्या जेम्स मिलर नावाच्या पत्रेकाम करणाऱ्या कारागिराकडून घडवून घेतली. मडगावच्या एका भाटकाराचा, म्हणजे जमीनदाराचा, तारवटी (बोटीवर नोकरी करणारा) भाऊ ती तिकडून घेऊन आला. "आणि काका, हाच राइट 1945 च्या सुमारास अहमदाबादच्या कॅलिको मिलसाठी दुकानाची इमारत आखत होता. बांधली नाही, ती गोष्ट वेगळी."

घरी येऊन मोबाइलवर शोधलं. राइट खरा, मिलर खरा, तसली फुलदाणी खरी. राइटच्या तांब्याच्या वस्तू लिलावात लाखो डॉलरना गेल्याचंही खरं. अहमदाबादचं खरं निघाल्यावर तर मी गारच झालो, कारण ते मलाही ठाऊक नव्हतं. एवढं सगळं तपासलं, पण कोपऱ्यात उभी असलेली ही त्यातलीच कशावरून, हे विचारायचं राहूनच गेलं.

दुसऱ्या खेपेला त्याने आवाज खाली आणला. शंभर वर्षांवरची वस्तू म्हणजे पुरावशेष, 1972 चा कायदा आहे, गवगवा केलात तर सरकारी माणसं दारात येतील. कायदा खराच आहे. पण त्याच कायद्यानं असल्या वस्तू विकणाऱ्याकडे परवाना लागतो. तो मागायचं सोडून मीच इकडेतिकडे बघत पैसे मोजले. आगाऊ 20,000 मोबाइलवरून, उरलेले 1,40,000 रोख. ही म्हणाली होती, "एवढ्यात गणपतीला चांदीचं मखर झालं असतं." बिलावर लिहिलं होतं, 'तांब्याची शोभेची वस्तू, जुन्या धाटणीची.' 'धाटणीची' हा शब्द मी वाचला होता, हे कबूल करतो.

दोन महिन्यांनी डिचोलीचा एक ओळखीचा कासार घरी आला. त्याने अंगठा थुंकीने ओला करून फुलदाणीवर घासला. अंगठा हिरवा! मग मोबाइलचा टॉर्च तिच्या गळ्यात सोडून एक डोळा मिटून बराच वेळ बघत राहिला. मलाही दाखवलं. आतल्या कोपऱ्यावरून वरपासून खालपर्यंत एकसारखी, मुंग्यांची रांग चालावी तशी बारीक खवल्यांची रेघ. "आर्गनचं वेल्डिंग," तो म्हणाला. "पोरनें न्हय हें." म्हणजे, हे जुनं नव्हे. शंभर वर्षांपूर्वी असलं वेल्डिंग नव्हतंच. आणि हिरवा रंग? मीठ, व्हिनेगर, अमोनिया. आठवड्याभराचं काम.

त्या रात्री मी ते पत्र काढलं. फुलदाणीबरोबर भाटकाराच्या घरचं म्हणून एक पत्र दिलं होतं. पोर्तुगीजमध्ये टाइप केलेलं, चहाच्या रंगाचं, तारीख 1956. मला पोर्तुगीज येत नाही, म्हणून मी तारीख आणि सही बघून ते भक्तिभावाने प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलं होतं. आता वरचा छापील पत्ता वाचला. मडगाव, गोवा, 403601.

पिनकोड सुरू झाले 15 ऑगस्ट 1972 ला. 1956 साली इथे पोर्तुगीज राज्य होतं, हिंदुस्थानचं टपालखातंसुद्धा नव्हतं. आयुष्यभर ज्या सहा आकड्यांवर टपाल लावलं, ते माझ्या डोळ्यांसमोर छापलेले होते. (1972 हे साल माझ्या राशीलाच आलेलं दिसतंय.)

दुसऱ्या दिवशी तडक दुकानात गेलो. रागाच्या भरात ते पत्र त्याच्यापुढे आपटलं आणि पिनकोडवर बोट ठेवून त्याला साग्रसंगीत समजावलं, कधी सुरू झाला, का सुरू झाला, गोव्याला 403 कसा. तो शांतपणे ऐकत होता. मग बिल दाखवून म्हणाला, "मी शोभेची वस्तू विकली, काका." पोलिसांत तक्रार दिली. त्यांनीही आधी बिलच वाचलं. पैसे अजून मिळालेले नाहीत.

मागच्या महिन्यात भाच्याला गिऱ्हाईक म्हणून तिथे पाठवलं. कोपऱ्यात दुसरी फुलदाणी उभी आहे. गोष्ट तीच, तारवटी तोच, मुंबईचं गिऱ्हाईकही तेच. पत्रही आहे, 1956 चं. भाच्याने गुपचूप फोटो काढून आणला. पत्ता फक्त मडगाव, गोवा. पिनकोड काढून टाकलाय.