घडीची ई-बाईक: १६ इंची चाक की २० इंची जाड टायर?

ई-बाईक, म्हणजे विजेवर चालणारी सायकल, घडी होते म्हणून उचलता येते, असं मुळीच नाही. १६ इंची चाकांची हलकी ई-बाईक साधारण १५ ते १८ किलोंची असते. २० इंची, चार इंच रुंद टायरची बाईक सहज २५ ते ३० किलोंवर जाते. लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहत असाल, तर दुसरीचा विचारच करू नका.

आरामात मात्र जाड टायर सरस. त्यात हवेचा दाब कमी ठेवता येतो, त्यामुळे खडबडीत रस्त्याचे हादरे टायरच पचवतो. लहान चाक प्रत्येक खड्ड्यात खोल उतरतं आणि दणका थेट मनगटात येतो. सीटखाली सस्पेन्शनवाला दांडा बसवला की पाठ बरीच वाचते, मनगटं नाही.

पैशाचं गणित बॅटरीवर ठरतं. तिच्यात किती वीज साठते ते काढायला व्होल्टला अँपिअर-अवरने गुणा: ३६ व्होल्ट, १० अँपिअर-अवर म्हणजे ३६० वॉट-अवर. जड बाईकला तेवढ्याच अंतराला जास्त वीज लागते, म्हणून तिची मोठी बॅटरी पाहून भुलू नका. (विमानाने न्यायचा बेत असेल तर दोन्ही बाद, प्रवासी विमानात १६० वॉट-अवरच्या वरची सुटी बॅटरी चालत नाही.)

रोज ट्रेन किंवा जिना असेल तर माझं मत ठामपणे १६ इंचीला. गाडीच्या डिकीतून न्यायची, कच्च्या रस्त्यावर फिरायचं, तर जाड टायरची घ्या. घेण्याआधी दुकानातच घडी घालून, बिजागरीची खिटी नीट बसते का ते बघा आणि एका हाताने उचलून चार पावलं चाला.