टुंग! विकतचा अँटीव्हायरस काढून सात महिने

सुरुवात सुरक्षेच्या काळजीनं नाही, पैशाच्या दुःखानं झाली, हे आधीच कबूल करते. धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी चकलीचा घाणा कढईत असताना मोबाईलवर मेसेज आला: खात्यातून २,८९९ रुपये वजा. हाच अँटीव्हायरस पहिल्या वर्षी दुकानातून ६४९ ला घेतला होता. ॲक्टिव्हेट करताना त्यानं कार्डाचा नंबर मागितला आणि मी बावळटासारखा दिला. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १५,००० पर्यंतच्या अशा आपोआप वजावटीला दर वेळी ओटीपी लागत नाही, फक्त २४ तास आधी कळवावं लागतं. जुने मेसेज उपसले तर तो होताच, साड्यांचा सेल आणि काजूकतली यांच्या मधोमध. म्हणजे नियमानं सगळं बरोबर, फक्त माझे पैसे गेले.

मी सिडकोत घरूनच टायपिंग आणि डीटीपी करते. लग्नपत्रिका, सोसायट्यांचे वार्षिक अहवाल, मुक्त विद्यापीठाच्या मुलांचे प्रकल्प. कॉम्प्युटर एकच, हॉलमध्ये. दुपारपर्यंत माझा, संध्याकाळी लेकीचा, रात्री ह्यांचा. आठवड्याला दहा-बारा परके पेनड्राइव्ह त्यात तोंड घालतात. त्यामुळे 'मॅडम, तुम्हाला तर अँटीव्हायरस पाहिजेच' हे दुकानातल्या दादानं सांगितलं तेव्हा मी वाद घातला नाही.

कंपनीचं नाव लिहीत नाही. अहो, सगळ्याच थोड्याफार तशा आहेत, आणि मला नोटीस नको.

पैसे परत मागायला चॅटवर गेले. तिकडच्या मॅडमनी आधी ४० टक्के सूट देऊ केली, मग ५०, मग फोनसाठी व्हीपीएन (इंटरनेटवर आपला माग लपवणारी सोय) फुकट. शेवटी म्हटलं, ताई, मी बाजारात कांद्याचा भाव करायला आलेली नाही, मला माल नकोच आहे. पैसे सव्वीसाव्या दिवशी परत आले, पूर्ण आले, हे त्यांच्या बाजूनं नोंदवते. पण तोवर काढून टाकू नका असं त्यांनी बजावलं होतं. म्हणून ते सव्वीस दिवस मी त्याच्याबरोबर काढले, आणि त्या दिवसांत जे मोजलं त्यासाठी हा लेख.

टुंग. उजव्या कोपऱ्यातून खिडकी वर सरकते आणि तो आवाज येतो. स्टीलच्या वाटीवर चमचा आपटल्यासारखा. मी स्वयंपाकघरात असले तरी ऐकू येतो. वर्षभर मी तो सहन केला, कारण वाटायचं, पहारेकरी काठी आपटतोय, आपटू दे. पैसे गेल्यावर मात्र कान वेगळा झाला. भिंतीवरच्या कालनिर्णयावर दर टुंगला एक रेघ मारायला लागले. सव्वीस दिवसांत ७३ रेघा. त्यातल्या २१ 'जंक फाइल्स साफ करा' म्हणणाऱ्या, १७ व्हीपीएन घ्या, १४ वरचा प्लॅन घ्या, ९ 'तुमचा ईमेल डार्क वेबवर (चोरलेल्या माहितीच्या छुप्या बाजारात) सापडला असू शकतो', ८ आठवड्याचा अहवाल. खरोखर व्हायरसबद्दल किती? चार. त्यातल्या दोन एकाच पेनड्राइव्हच्या.

कळस एका रविवारी झाला. लेक सीईटीची सराव परीक्षा देत होती, पूर्ण स्क्रीनवाली. टुंग झालं, 'तुमचा पीसी ३८ टक्के हळू चालतोय' अशी खिडकी वर आली, बंद करायला तिनं फुलीवर क्लिक केलं आणि परीक्षेनं तिलाच दम दिला: तुम्ही खिडकी सोडली, तीनपैकी पहिली ताकीद. पोरगी रडकुंडीला आली. ह्यांनी शांतपणे सांगितलं, 'स्पीकर बंद ठेवत जा.' आमच्याकडे प्रश्न असे सुटतात.

नोव्हेंबरात भाचा आला, त्याच्याकडून काढून घेतला. काढतानाही तीन पडदे: का जाताय, खरंच जाताय का, तुमचा कॉम्प्युटर उघडा पडेल. 'काढा' हे बटण करड्या रंगात, 'ठेवा' हिरवंगार.

उघडा वगैरे काही पडला नाही. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, डिफेंडर हा पूर्ण अँटीव्हायरस विंडोजमध्येच येतो. दुसरा विकतचा बसवला की तो बाजूला होतो, काढला की स्वतःहून परत कामाला लागतो. जर्मनीची एव्ही-टेस्ट नावाची प्रयोगशाळा अशा सॉफ्टवेअरना १८ पैकी गुण देते, तिथं तो विकतच्यांच्या पंक्तीत बसतो, बऱ्याचदा पूर्ण १८ घेऊन. मला कागदावरच्या गुणांवर भरवसा नव्हता, म्हणून भाच्यानं आयकारची चाचणी करून दाखवली. ही ६८ अक्षरांची निरुपद्रवी ओळ, जगातल्या अँटीव्हायरसनी ओळखायची म्हणून ठरवलेली. नोटपॅडमध्ये चिकटवली, सेव्ह केली, आणि फाइल डोळ्यांदेखत गायब. कोपऱ्यात एक साधी खिडकी, चार शब्द. मी म्हटलं, 'एवढंच?' तो म्हणाला, 'मावशी, एवढंच असतं.'

इथपर्यंत लेख 'फुकटचं घ्या, विकतचं फेका' असा झाला असता. पण चौथ्या दिवशी दुपारी मी पत्रिकेची मांडणी करत होते आणि कोपऱ्यातून परत टुंग!

काढून टाकलेला अँटीव्हायरस मेलेल्या सासूसारखा परत बोलायला लागला तर माणसानं काय करावं? 'तुमच्या कॉम्प्युटरमध्ये ५ व्हायरस सापडले, मुदत संपली, त्वरित नूतनीकरण करा.' चिन्हसुद्धा तसंच, ढालीचं. मी चिडून चॅटवाल्या मॅडमना पुन्हा गाठणार होते, तेवढ्यात खिडकीच्या तळाशी बारीक अक्षरात ब्राउझरचं नाव दिसलं. त्याखाली एका वेबसाइटचा पत्ता. ती साइट माझ्या ओळखीची! जुन्या फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये करून देणारी, डीटीपीवाल्यांच्या रोजच्या कामाची. कधीतरी तिनं विचारलं असणार, 'तुम्ही रोबो नाही ना? अलाऊ दाबा', आणि मी दाबलं. ती अलाऊ म्हणजे नोटिफिकेशनची परवानगी. व्हायरस एकही नव्हता, ढाल खोटी, नूतनीकरणाची लिंक खोटी. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये नोटिफिकेशनच्या यादीत जाऊन बघितलं तर अशा अकरा साइट, त्यात एक लेकीनं मालिका बघायला उघडलेली. सगळ्या उडवल्या. दोन मिनिटांचं काम.

मला आता असं वाटतं की घरोघरी 'व्हायरस आलाय' म्हणून जी बोंब असते त्यातली बरीचशी ही अलाऊची बोंब आहे. आणि खऱ्या कंपनीचं टुंग आणि ठगाचं टुंग हे इतकं सारखं दिसतं, की वर्षभर खरं टुंग ऐकून मऊ झालेला माणूस खोट्यावर हमखास क्लिक करणार. माझा सगळ्यात मोठा आक्षेप हाच. बाकी २,८९९ परत आलेच.

आता मत बदलायची वेळ. भाच्यानं जुना काढण्याआधी त्याच्या सेटिंगचे फोटो काढले होते. त्यात 'हे तपासू नका' अशा यादीत एक फोल्डर होता. 'मावशी, हा कोणी टाकला?' मी नाही. डिफेंडरकडून पूर्ण स्कॅन करवला, जवळजवळ तीन तास चालला, आणि त्याच फोल्डरवर बोट ठेवून त्यानं नाव सांगितलं: हॅकटूल, ऑटो केएमएस. म्हणजे विंडोज फुकटात ॲक्टिव्हेट करायचं चोरटं हत्यार. दोन वर्षांपूर्वी दुकानातल्या दादानं कॉम्प्युटर फॉरमॅट करून दिला, ५०० घेतले, वर माझा १६ जीबीचा पेनड्राइव्ह 'उद्या देतो' म्हणून ठेवून घेतला. त्यानंच ते टाकलं, आणि नंतर मी विकत घेतलेल्या अँटीव्हायरसला त्या फोल्डरकडे बघू नको म्हणून सांगून ठेवलं. मी वर्षभर पहारेकऱ्याला शिव्या घातल्या, त्या बिचाऱ्याला मागच्या दाराकडे पाठ करूनच उभं केलं होतं. एवढ्यापुरते शब्द मागे घेते.

गंमत म्हणजे त्या चोरीची गरजच नव्हती. माझं यंत्र ब्रँडेड, २०१७ चं, विंडोज १० होम घेऊनच आलेलं. त्याची किल्ली मदरबोर्डमध्येच कोरलेली असते. दादानं वर 'प्रो' ही वरची आवृत्ती टाकली, जिचा परवाना नव्हता, म्हणून हत्यार लागलं. भाच्यानं मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून होम उतरवून पुन्हा टाकलं, नेट जोडल्यावर ते आपोआप ॲक्टिव्हेट झालं. खर्च शून्य. फक्त माझे फाँट परत टाकण्यात अख्खा रविवार गेला.

त्याच बैठकीत दुसरी गोष्ट कळली. विंडोज १० ला मिळणारी मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. माझे पैसे कापले गेले त्याच्या तीन दिवस आधी! म्हणजे घराच्या भिंतीची दुरुस्तीच बंद झाली होती, आणि मी कुलपाचा हप्ता भरत होते. त्र्याहत्तर रेघांमध्ये ह्याबद्दल एकही रेघ नाही. २०१७ च्या मे महिन्यातलं वॉनाक्राय आठवत असेल, ज्यानं जगभर कॉम्प्युटर कुलूपबंद करून खंडणी मागितली. ज्या फटीतून ते शिरलं ती बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टनं मार्चमध्येच दिलं होतं. ज्यांनी टाकलं नव्हतं ते सापडले. माझा प्रोसेसर जुना, विंडोज ११ घेत नाही. पण घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा अपडेट मिळतात, आणि मायक्रोसॉफ्टच्या खात्यावर सेटिंगचा बॅकअप चालू केला तर पैसेही लागत नाहीत. तेवढं केलं. ऑक्टोबरनंतर नवा कॉम्प्युटर, ते दुःख वेगळं.

डिफेंडरबद्दल गोडच बोलायचं असं नाही. पूर्ण स्कॅन चालू झाला की माझी जुनी हार्डडिस्क १०० टक्क्यांवर जाते आणि एक ओळ टाइप करायची तर चहा होतो. मी तो रात्री जेवणाच्या वेळी लावते. पेनड्राइव्ह त्या पूर्ण स्कॅनमध्ये आपोआप येत नाहीत, ते उजवं क्लिक करून वेगळे तपासावे लागतात. आता गिऱ्हाईक समोर उभं असतानाच तपासते. एकदा सटाण्याहून आलेल्या एका काकांच्या पेनड्राइव्हमध्ये तो सुप्रसिद्ध शॉर्टकट व्हायरस निघाला: सगळे फोल्डर लपलेले आणि त्यांच्या जागी त्याच नावाचे शॉर्टकट. डिफेंडरनं व्हायरस उचलला, पण फोल्डर लपलेलेच राहिले. काकांना वाटलं, मी नातवाच्या मुंजीचे फोटो उडवले. काळ्या खिडकीत (कमांड प्रॉम्प्टमध्ये) लपलेलं उघड करणारी ॲट्रिब ही आज्ञा देऊन ते बाहेर काढले तेव्हा कुठे त्यांनी माझ्याकडचं पाणी घेतलं.

खंडणीवाल्या व्हायरससाठी डिफेंडरमध्ये फोल्डरांवर पहारा ठेवायची सोय आहे, मूळची बंद असते, शोधून चालू करावी लागते. चालू केली, तर पहिल्याच दिवशी त्यानं माझ्या जुन्या डीटीपी सॉफ्टवेअरलाच चोर ठरवलं. पत्रिका सेव्ह होईना, कारण सांगेना. अर्धा तास मी फाइलच्या नावात वेलांटी चुकली का ते बघत होते. मग त्या सॉफ्टवेअरला परवानगी दिली, तेव्हापासून गुण्यागोविंदानं नांदतायत. तरी त्याच्या भरवशावर न राहता दर शुक्रवारी सगळं काम बाहेरच्या डिस्कवर उतरवते आणि डिस्क काढून कपाटात ठेवते. जोडलेली राहिली तर खंडणीवाला तीसुद्धा कुलूपबंद करतो.

आणि हो, मायक्रोसॉफ्टही टुंगच्या बाबतीत सोवळा नाही. ढालीवर पिवळा त्रिकोण येतो, मी धावत जाऊन बघते, तर 'वनड्राइव्ह (त्यांची ऑनलाइन साठवण) चालू करा'. त्रिकोण धोक्यासाठी असतो, जाहिरातीसाठी नाही, पण सांगणार कोणाला? 'डिसमिस' दाबलं की जातो. सात महिन्यांत ह्याच्या रेघा मात्र दोनच.

मग विकतचा कोणाला लागतो? घरात तीन-चार यंत्रं, फोन, लहान मुलं आणि सगळ्यांवर एका जागेवरून नजर ठेवायची असेल तर घ्या, कार्ड न देता घ्या. फुकटचे दुसरे घेताना जपून. २०२४ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगानं अवास्ट या फुकटचा अँटीव्हायरस देणाऱ्या कंपनीला १.६५ कोटी डॉलर भरायला लावले, लोकांच्या ब्राउझिंगची माहिती उपकंपनीमार्फत विकली म्हणून (माझा त्यांचा नव्हता). शंका आली तर मालवेअरबाइट्सचा फुकटचा स्कॅन चालवते, तो मागवल्यावरच तपासतो. एखादी संशयास्पद फाइल व्हायरसटोटल या साइटवर टाकते, तिथं ती एका वेळी सत्तरएक अँटीव्हायरस इंजिनांकडून तपासली जाते. गिऱ्हाइकांची कागदपत्रं तिथं टाकत नाही, दुसऱ्यांना दिसू शकतात.

सराव परीक्षा झाल्या, सीईटीही झाली. लेक अजून मला चिडवायला वाटीवर चमचा आपटते आणि मी अजून दचकते.

परवा दुकानातल्या दादाचा व्हॉट्सॲप आला. 'मॅडम, तुमच्या अँटीव्हायरसची मुदत संपत आली असेल, खास तुमच्यासाठी ६९९ मध्ये करून देतो.' मी एवढंच लिहिलं, 'दादा, माझा १६ जीबीचा पेनड्राइव्ह कधी देताय?' दोन निळ्या खुणा आल्या आहेत. उत्तर नाही.