आयतं जुनं डायनिंग टेबल की वाड्याच्या लाकडाचं नवं?

जुनं सागवानी टेबल आयतं मिळत असेल तर मी आधी खाली वाकून बघते. पायाशी पिठासारखा ताजा भुसा दिसला, की कीड अजून आत आहे. सौदा तिथंच सोडावा. सालीकडचं पांढरट लाकूड आधी पोखरलं जातं, गाभ्याचं तेलकट लाकूड टिकतं. आपल्या मराठवाड्यात पारा 40 अंशांवर गेला की कोरड्या हवेत लाकूड आकसतं, म्हणून सांधे हलवून बघाच.

पाडलेल्या वाड्याच्या तुळयांचं लाकूड चांगलं मुरलेलं असतं. उंचीही हवी तशी, 30 इंच, ठेवता येते. फक्त आत दडलेले खिळे रंधा मारण्याआधी काढून घ्यावे लागतात. जुन्या टेबलाची झळाळी त्याला नाही, तरी रोजच्या जेवणासाठी मी हेच घेईन.