पहिला जुना पिकअप: शेवरोले सी-१० की फोर्ड एफ-१००?

अमेरिकेत पहिल्यांदाच जुना पिकअप घेऊन दुरुस्त करून पुन्हा उभा करायचा म्हटलं, की १९६७ ते १९७२ च्या या दोन गाड्यांपाशी माणूस अडतो. दोन्हींच्या बॉनेटखाली भरपूर मोकळी जागा. पाना नीट फिरतो, आणि शिकणाऱ्याला तेच हवं असतं.

सी-१० ला मागे बहुतेक वेळा कॉइल स्प्रिंग (वेटोळ्याची स्प्रिंग), म्हणून चाल मऊ. १९७१ पासून पुढे डिस्क ब्रेक आले. रोज चालवायची असेल तर मी तेच मॉडेल शोधेन. पण तिचं खरं बळ सुट्या भागांत आहे. फेंडर (चाकांवरचे पत्रे), दरवाजे, कॅबचे म्हणजे चालकाच्या केबिनचे कोपरे, अगदी तळाचा पत्राही नवा बनवलेला मिळतो. वेल्डिंगला हात बसेपर्यंत एखादा पत्रा वाया गेला, तरी दुसरा मागवता येतो. मात्र मागणी मोठी, त्यामुळे भावही चढा.

एफ-१०० बऱ्याचदा कमी पैशांत मिळते. मागे पाट्यांच्या स्प्रिंग, पुढे ट्विन आय-बीम (दोन चाकांना दोन वेगळ्या आडव्या दांड्या), चाल जरा दणकट. तिचं ३०० घनइंची सहा सिलिंडरचं इंजिन मात्र विलक्षण चिवट! पत्र्यांची निवड तेवढी कमी.

बघायला जाताना खिशात चुंबक ठेवा. कॅबच्या कोपऱ्यांवर, दाराखालच्या पट्टीवर तो चिकटला नाही, तर रंगाखाली लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली आहे. दोन्हींत पेट्रोलची टाकी सीटमागे असते, तेव्हा ती गळते का हे कळायला कॅबमधला वासही घ्या.

नवख्याला मी सी-१० सुचवेन. पण ॲरिझोनासारख्या कोरड्या हवेतली, न गंजलेली एफ-१०० समोर आली, तर कुजक्या सी-१० पेक्षा तीच घ्या.