फियाटच्या दाराखालचा पत्रा: कापून आणलेला की नव्यानं घडवलेला?

प्रीमियर पद्मिनी, म्हणजे आपली जुनी फियाट, विकत घेताना दिसतो तो गंज दुरुस्तीच्या हिशोबात धरूच नका. मॅट उचलली, खालचा डांबराचा थर खरवडला, दाराखालच्या बॉक्सला स्क्रूड्रायव्हर टेकवला आणि तो मुठीपर्यंत आत गेला, की खरा हिशोब सुरू होतो. मग प्रश्न एकच उरतो. दुसऱ्या फियाटचा तुकडा कापून आणून जोडायचा, की कोऱ्या पत्र्यातून नवा घडवायचा?

इंजिनाबद्दल सल्ला देणारे गल्लोगल्ली भेटतात. पत्र्याच्या बाबतीत मात्र मिस्त्री सांगेल तेच ऐकावं लागतं, आणि मिस्त्री साहजिकच त्याच्या हाताला बसलेली पद्धत सांगतो. माझ्या गाडीत दोन्ही पद्धती आहेत. ड्रायव्हर साइडचा बॉक्स मोडीत निघालेल्या एका टॅक्सीचा आहे, क्लीनर साइडचा नव्या पत्र्याचा. ठरवून केलेला प्रयोग नाही हा, तुकडा एकाच बाजूचा मिळाला एवढंच. पण त्यामुळे एकच गाडी, एकच रंग, एकच पाऊस आणि दोन वेगळे पत्रे, अशी तुलना आयती हाती आली. माझ्याकडे यापलीकडे मोजमाप नाही, तेव्हा पुढचं सगळं त्याच बेतानं घ्या.

कापून आणलेल्या तुकड्याचा मोह का पडतो, ते आधी बघू. ही गाडी १९६४ पासून प्रीमियरच्या कुर्ल्याच्या कारखान्यात बनली, १९७४ मध्ये तिचं नाव पद्मिनी झालं. मुंबईत टॅक्सी म्हणून ती इतकी होती, की मोडीचा तुटवडा कधी वाटलाच नाही. काळी-पिवळी म्हणून शेवटची पद्मिनी २००३ मध्ये नोंदली गेली आणि २० वर्षांची मर्यादा संपल्यावर ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. म्हणजे नवा माल येणं आता थांबलंय. जे आहे ते कुर्ल्याच्या सीएसटी रोडला किंवा कुणाच्या शेडमध्ये पडलंय. कुर्ल्यात जन्मलेली गाडी कुर्ल्यातच सुटी होऊन विकली जाते, हाही एक योगच.

या तुकड्याची मोठी बाजू म्हणजे आकार. कारखान्याच्या डायखालून निघालेला गोलावा, दाराचं रबर बसायची कड, पाणी निघायची भोकं, पट्टीच्या क्लिपांची भोकं, सगळं जागच्या जागी. मिस्त्रीला डोकं चालवावं लागत नाही. घाईत असलेल्या माणसाला याहून चांगलं काय हवं? बोनेट, डिकीचं झाकण, अख्खं दार अशा नटबोल्टवर सुट्या होणाऱ्या वस्तूंसाठी तर मी डोळे मिटून जुनाच माल घ्या म्हणेन. बोनेट हातानं घडवायला निघालेला माणूस हौशी तरी असावा किंवा श्रीमंत तरी.

पण गंजण्याच्या जागा ठरलेल्या असतात. तुमच्या गाडीचा जो भाग सडलाय, नेमका तोच भाग त्या टॅक्सीचाही सडलेला असतो. तिनं तर खाऱ्या हवेत, तुंबलेल्या पाण्यात जन्म काढलेला. टप शाबूत, काचेच्या चौकटी बऱ्यापैकी, आणि खालच्या चार-सहा इंचांत सगळा आनंद. बाजारात जो "एकदम साफ" बॉक्स दाखवतात, त्यावर चुंबक फिरवून बघा. जिथे चुंबक ढिला पडतो तिथे पत्र्याऐवजी लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी, आहे.

हेही मी सोसलं असतं. माझा कौल फिरला तो खालच्या कडेमुळे, आणि त्याबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं.

फियाटला वेगळी चॅसी नाही, बॉडीच सगळा भार घेते. दाराखालचा बॉक्स म्हणजे बाहेरचा पत्रा, आतला पत्रा आणि फ्लोअरची कड यांची पेटी. खालच्या बाजूला हे थर एकमेकांवर दाबून ओळीनं स्पॉट, म्हणजे ठिपक्याठिपक्यानं वेल्डिंग, मारलेले असतात. मोडीतल्या गाडीवर काम करणारा माणूस हे स्पॉट सोडवत बसत नाही. तो गॅस कटरनं वरून-बाजूनं रेघ मारतो आणि शेजारच्या थरांसकट ढलपा काढून देतो. ते थर आपल्याला वेगळे करावे लागतात. एकेक स्पॉट शोधायचा, आठ मिलिमीटरच्या स्पॉट कटरनं कोरायचा, छिन्नीनं अलगद उचलायचा. काम संपतं तेव्हा कड चाळण झालेली असते आणि दोन थरांच्या मध्ये खारीसारखे सुटणारे गंजाचे पापुद्रे निघतात.

बाहेरचा पत्रा वाचवायचा म्हणून आम्ही काही ठिकाणी थर सोडवले, काही ठिकाणी कड तशीच ठेवून जोडली. सगळेच असं करतात. पण दोन थरांच्या मधल्या फटीत ना ब्रश जातो, ना सँडब्लास्टिंगची वाळू पोचते. गंज मारायचं अ‍ॅसिड आत सोडलं तरी ते कुठवर गेलं हे कळायला मार्ग नाही, आणि धुऊन नीट वाळवलं नाही तर तेच आत राहून पत्रा खातं. वरून प्राइमर, रंग, सगळं छान झालं. पावसाळा सरला आणि ड्रायव्हर साइडला खालच्या कडेनं एक तांबूस रेघ उमटली. भोक नाही, फुगा नाही, नुसती रेघ. पुसली, घासली, रेड ऑक्साइड मारलं, पुढच्या पावसाळ्यात पुन्हा हजर. गाडी रस्त्यावर थांबली की बघणारे हेडलाइट बघतात, ग्रिल बघतात. मी वाकून ती रेघ बघतो.

क्लीनर साइडला अशी रेघ नाही. निदान अजून तरी नाही, आणि हे मी जपूनच लिहितोय, कारण तो पत्रा वयानं तरुण आहे. पण त्या बाजूला बंद करण्याआधी प्रत्येक थराच्या दोन्ही अंगांना आमचा हात पोचला होता. मिटणाऱ्या प्रत्येक कडेला जस्ताचा प्राइमर लागला, मगच वेल्डिंग झालं. जुन्या तुकड्याच्या बाबतीत हे होऊच शकत नाही, कारण तो आधीच मिटलेला येतो.

नव्या पत्र्याबद्दल लोकांना वाटणारी भीती बरीचशी चुकीच्या जागी आहे, असं माझं मत. हातानं घडवायचं म्हटलं की डोळ्यांसमोर मागच्या मडगार्डचा गोलावा येतो आणि छाती दडपते. पण गंजतं काय? फ्लोअर, दाराखालचा बॉक्स, बॅटरीखालचा ट्रे, डिकीचा तळ. हे सगळे जवळजवळ सरळ पत्रे आहेत, फार तर एका दिशेनं वाकलेले. लांब वाक बेंडिंग मशीनवर निघतात आणि फक्त टोकं हातोडी-डॉलीनं (डॉली म्हणजे पत्र्यामागे धरायचा लोखंडी ठोकळा) बसवावी लागतात. घडवायला अवघड असलेले भाग सहसा सडत नाहीत, सडणारे भाग घडवायला सोपे असतात. गाडीनं आपल्यावर केलेला हा एकमेव उपकार.

पत्रा मात्र दुकानदार देईल तो घेऊ नका. सीआर, म्हणजे कोल्ड रोल्ड, पत्रा मागा. पत्र्याला जिथे ओढ द्यायचीय तिथे आयएस ५१३ या भारतीय मानकातली डीडी किंवा ईडीडी, म्हणजे खोल ओढ सोसणारी, प्रत घ्या, साधी प्रत टोकाच्या वळणाला चिरते. बॉक्स आणि फ्लोअरला १८ गेज म्हणजे सुमारे १.२ मिलिमीटर, बाहेरच्या दिसणाऱ्या पत्र्याला २० गेज म्हणजे ०.९ च्या आसपास. मिस्त्री २२ गेज सुचवेल, कारण तो हातानंही वाकतो. तिथे मान डोलावू नका, भार घेणाऱ्या पेटीला ०.७ चा पत्रा पुरत नाही. "जीआय (जस्त चढवलेला पत्रा) लावू, गंजणारच नाही" असंही कुणी म्हणेल. वेल्डिंगच्या जागी जस्त जळून जातं, म्हणजे ज्या जागेला संरक्षण हवं तीच उघडी पडते, आणि त्या धुरानं मिस्त्रीला ताप येतो तो वेगळाच.

दोन्ही पद्धतींना लागू असलेली एक गोष्ट, कारण ती वगळणारे गॅरेजवाले कमी नाहीत. जुना बॉक्स कापण्याआधी दाराच्या चौकटीत चौकोनी पाइपाचे आडवे-तिरके आधार टॅक करून (ठिपक्यापुरतं तात्पुरतं वेल्ड करून) घ्या, आणि गाडीचं वजन चाकांच्या जागी राहील अशी ती उभी करा. मध्येच जॅक लावून कापलं, की बॉडी कणभर वाकते आणि तशीच जोडली जाते. नंतर दार कितीही हलवा, बिजागरीचा दोष नसतोच. जुना सांगाडा पूर्ण उतरवण्याआधी त्यावर जाड पुठ्ठा धरून नमुनाही घ्या. अगदीच चुरा झाला असेल तर दुसऱ्या बाजूचा नमुना उलटवून वापरता येतो.

आता नव्या पत्र्याच्या तक्रारी, कारण आहेत. बेंडिंग मशीनचा वाक कारखान्यातल्या वाकापेक्षा टोकदार येतो. त्यावर दाराचं रबर नीट बसत नाही, दार लावताना आवाज बदलतो. ती कड पाइपावर धरून मोगरीनं गोल करून घ्यावी लागली. दुसरं म्हणजे फ्लोअर. कारखान्याच्या फ्लोअरला दाबलेल्या पन्हळी असतात, त्या शोभेसाठी नसतात. सपाट पत्रा टाकला तर गाडी चाळीसच्या पुढे गेली की पायाखाली डबा वाजतो. बीडिंग मशीन (पत्र्यात पन्हळ पाडणारं) असलेला माणूस शोधा, नाहीतर दोन अँगलच्या मध्ये धरून पन्हळ ठोकून घ्या. दिसायला ती ओबडधोबड होते, पण वर मॅट येते. तिसरी गोष्ट, सगळं मिस्त्रीच्या हातावर. तोच पत्रा, तोच नमुना, पण हात घाईचा असेल तर कड लाटा मारते, आणि मग लांबीचा डबा उघडला जातो. काम द्यायच्या आधी त्यानं केलेली एखादी रंग न मारलेली गाडी बघायला मागा. दाखवायला तो कचरला, तर समजून घ्या.

वेल्डिंगवर दोन गट आहेत. जुने मिस्त्री गॅसचे भक्त, आणि दिसणाऱ्या पत्र्यावर त्यांचं म्हणणं मला पटतं. गॅसचा सांधा मऊ राहतो, हातोडी-डॉलीनं सपाट होतो. सीओटूचा, म्हणजे कार्बन डायऑक्साइडच्या आवरणाखाली तारेनं केलेल्या विजेच्या वेल्डिंगचा, सांधा कडक, तो घासूनच काढावा लागतो. पण गॅसची आच पसरते आणि लांब पत्रा खेचला जातो. खालच्या बॉक्सला, जिथे कोणी डोकावत नाही, तिथे सीओटू बरं. ०.८ ची तार, लांब-लांब टॅक, एक इकडे एक तिकडे, मध्ये थंड होऊ द्यायचं. मिटणाऱ्या कडेत आधी भोकं पाडून ती भरली की कारखान्याच्या स्पॉटसारखीच पकड येते. पाणी निघायची भोकं विसरू नका. ती बुजवलेला बॉक्स कितीही चांगला घडवला तरी पाण्याची टाकीच. शेवटी त्याच भोकांतून आत मेण-तेलाचा फवारा मारा.

बाजारात तयार नमुन्याचे बॉक्स आणि फ्लोअरचे तुकडेही कधी मिळतात. गेज बघून घ्या, एवढंच सांगेन. मी हाताळलेले पातळ होते.

खर्चात फार फरक पडेल असं समजू नका. कोरा पत्रा स्वस्त आणि मिस्त्रीचे दिवस महाग. जुन्या तुकड्याचे दिवस कमी लागतात म्हणतात, पण ते स्पॉट सोडवायला बसेपर्यंतच खरं असतं. शिवाय टॅक्सी बंद झाल्यापासून त्या लोखंडाला आठवणींचा भाव आलाय.

कागदपत्रांचा मुद्दा उरतो. २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांना व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी आणि नंबरात "व्हीए" ही अक्षरं मिळतात. पद्मिनी नाव लागलेल्या पहिल्या गाड्याही आता त्या वयाच्या झाल्या. अट अशी की गाडी मूळ रूपात हवी, बॉडी किंवा चॅसीत मोठा फेरफार नको. कारखान्याचाच तुकडा जोडणं जास्त "मूळ", असा युक्तिवाद काही मित्र करतात. माझ्या मते आकार, जागा आणि जाडी तीच ठेवून सडलेला पत्रा बदलणं ही दुरुस्ती झाली. तरी जुना पत्रा शेजारी ठेवून प्रत्येक टप्प्याचे फोटो काढून ठेवा. आणि चॅसी नंबर कोरलेल्या जागेला कटर लावू नका, दुसऱ्याच गाडीचा नंबर असलेला तुकडा तर घरीही आणू नका.

ड्रायव्हर साइडचा बॉक्स पुढेमागे काढणार आहे, आणि तिथे नवा पत्राच येईल. मागच्या मडगार्डचं तसं नाही. त्या छोट्या पंखाच्या वळणाला दोन्ही दिशांनी गोलावा आहे, आणि माझ्या मिस्त्रीचा हात चांगला असला तरी तिथे लांबीचा डबा उघडणारच. त्यासाठी सीएसटी रोडला सांगून ठेवलंय. कापताना शिवणीपासून वीतभर लांब कापा, एवढं बजावून.