मरळीसाठी स्पिनिंग की बेटकास्टर?

पोळ्यापासून आतापर्यंत तिघांनी मला हाच प्रश्न विचारला. पैसे एकाच संचापुरते आहेत, मग रील स्पिनिंग घ्यायचं (ज्याचा स्पूल, म्हणजे दोऱ्याची चकरी, फेकताना स्थिर असते) की बेटकास्टर (ज्याची चकरी फेकताना फिरते)? तिघेही भंडारा-गोंदियाकडचे, आणि तिघांनाही तलावातला मरळ मासाच हवा. मी दोन्ही वापरली आहेत. आधी स्पिनिंग, मग दोन वर्षं बेटकास्टर, आणि आता पुन्हा स्पिनिंग. माझा कल एवढ्यावरूनच कळेल, पण बेटकास्टरची बाजू खरोखर भक्कम आहे, म्हणून आधी तीच सांगतो.

बाजारात मिळणारी ही बहुतेक अवजारं अमेरिकेतल्या लार्जमाउथ बास माशाचा विचार करून घडवलेली असतात. पोकळ रबरी बेडूक, म्हणजे आमिष म्हणून लावायचा नकली बेडूक, तोसुद्धा तिकडूनच आपल्याकडे आला. १९३२ साली जॉर्जियात धरलेला बास २२ पौंड ४ औंसांचा होता, म्हणजे दहा किलोच्या वर. २००९ मध्ये जपानच्या बिवा सरोवरात त्याची बरोबरी झाली, तेवढीच. अशा माशावर डोळा ठेवून बनवलेला संच आपल्या तलावातल्या दोन-तीन किलोच्या मरळीला कमी पडणार नाही. त्यामुळे ‘कोणतं जास्त दणकट’ या वादात फार वेळ घालवू नका.

बाससाठी लिहिलेलं ऋतूंचं गणित मात्र इकडे जसंच्या तसं लावू नका. बास वसंतात, पाणी पंधरा-सोळा अंशांच्या वर जाऊ लागलं की अंडी घालायला काठाकडे येतो. आपली मरळ पावसाची वाट बघते. शिवाय ती वर येऊन हवेतला श्वास घेते, त्यामुळे मे महिन्यातल्या कढत, आटलेल्या पाण्यातही तग धरून असते आणि वर बुडबुडा सोडून ‘मी इथे आहे’ हे स्वतःच सांगते. आपली सगळी शिकार त्या एका बुडबुड्याभोवती फिरते. रील निवडतानाही तोच डोळ्यापुढे ठेवायचा.

आता बेटकास्टर. मालगुजारी तलावात, म्हणजे मालगुजारांच्या काळातल्या आपल्याकडच्या जुन्या तलावात, मरळ कुठे बसते ते तुम्हाला माहीत आहे. देवधानाच्या (रानटी भाताच्या) कडेला, कमळाच्या पानांमधल्या हातभर मोकळ्या जागेत, नाहीतर बेशरमाच्या झुडपाखाली. बेटकास्टरच्या स्पूलवर अंगठा असतो, म्हणून बेडूक हवेत असतानाच त्याला आवरता येतं आणि तो पाण्यावर अलगद, पान पडावं तसा उतरतो. स्पिनिंगवरही बोटाने दोरा अडवता येतो, पण इतका हळुवार आवर मला अजून जमलेला नाही. मासा लागल्यावर तर बेटकास्टर फार सरळ वागतं. मरळ हायड्रिला या पाणवनस्पतीत डोकं खुपसते, तिथून तिला खेचून आणायला हे रील कुरकुर करत नाही. माझा मामेभाऊ गोसेखुर्दच्या बॅकवॉटरला नावेतून हेच वापरतो. जलपर्णीच्या काठाला वीतभर अंतरावर त्याचा बेडूक पडताना मी कितीतरी वेळा पाहिला आहे, आणि त्याने माझं ऐकून रील बदलावं असं मला वाटत नाही.

मग मी का सोडलं? वारा आणि गुंता.

रोहिणी लागून दोन-तीन दिवस झाले असतील. साकोलीकडचा एक जुना तलाव, पहाटे साडेपाच. पाणी इतकं आटलं होतं की पारेपासून (तलावाच्या बांधापासून) चाळीस पावलं चिखलातून चालत जावं लागलं. समोर कमळाच्या दोन पानांमध्ये मरळ वर आली, श्वास घेतला, ‘टप्’ आवाज झाला आणि पान हललं. मी बेडूक बदलून लहान लावला होता, साधारण नऊ ग्रॅमचा. आधीचा चौदा ग्रॅमचा होता आणि स्पूलचा वेग आवरणारा ब्रेक त्यालाच जुळवलेला होता. घाईत ब्रेकचं बटण फिरवायचं राहिलं. वारा समोरून. बेडूक अर्ध्या वाटेत मंदावला, स्पूल मात्र जोरात फिरतच राहिला, आणि आतला सगळा दोरा फुगून सुगरणीच्या खोप्यासारखा झाला.

मी पारेवर येऊन बसलो. ब्रेड, म्हणजे विणलेल्या दोऱ्याचा गुंता नखाने सुटत नाही. दोरा इतका बारीक आणि मऊ असतो की नख घालावं तर पीळ उलट घट्ट होतो. शेवटी बाभळीचा काटा घेतला आणि एकेक फास उचलत गेलो. तीन फास निघाले की चौथ्याखाली आणखी दोन दिसत. त्या वेळात ती मरळ त्याच फटीत दोनदा वर आली. दुसऱ्या वेळी मला तिची पाठ दिसली. सूर्य झाडांच्या वर आला तेव्हा मी ब्लेडने दोरा कापला. निम्मा स्पूल रिकामा झाला होता आणि पाणी तापायला लागलं होतं. उन्हाळ्यात आपल्याला मिळतो तो दीड-दोन तासांचा वेळ, आणि तो गुंत्यात गेला.

हे एकदाच झालं असतं तर मी लिहिलं नसतं. माझ्या हातून दर फेरीला एखादा गुंता व्हायचाच. उन्हाळ्यात अंगठा घामाने ओला, पावसाळ्यात पाण्याने ओला, आणि ओला अंगठा स्पूलवर नीट टेकत नाही. जाणकार म्हणतील की सरावाने हे जातं. जातही असेल. पण रोज तलावावर जाणाऱ्याचा सराव आणि धानाच्या कामातून महिन्यात दोनदा सुटणाऱ्याचा सराव यांत फरक पडतो. दुसऱ्या प्रकारातल्या माणसाला बेटकास्टर प्रत्येक वेळी थोडं नव्याने शिकावं लागतं, असं मला वाटतं.

स्पिनिंगही निर्दोष नाही, हे मान्य करायला हवं. हँडल फिरवून बेल (दोरा स्पूलवर घेणारी तारेची कडी) बंद केली की वाऱ्याने सैल पडलेल्या दोऱ्याचा एक वळसा स्पूलवर राहतो आणि पुढच्या फेकीत त्याची गाठ होते. उपाय साधा आहे. बेल हाताने बंद करा, दोरा एकदा बोटाने ताणा, मग गुंडाळा. ही सवय लागल्यापासून माझा गाठींचा त्रास जवळजवळ संपला. आणि गाठ झालीच तरी पाच मिनिटांत सुटते. नऊ ग्रॅम, चौदा ग्रॅम, समोरून वारा, पाठीमागून वारा, यांतलं काहीही बदललं तरी रीलवर काही जुळवावं लागत नाही. माझ्यासाठी निकाल इथेच लागला. आणखी एक छोटी सोय म्हणजे हँडल डावीकडचं उजवीकडे करता येतं. माझा पुतण्या डावखुरा आहे, आणि एकाच रीलवर आमचं दोघांचं भागतं. बेटकास्टर मात्र घेतानाच डावं की उजवं ते ठरवावं लागतं.

पैसे कमी असतील तर रीलवरचे कमी करून रॉडवर घाला. सात फुटी, मिडियम हेवी (मध्यमपेक्षा जरा जास्त ताकदीचा), कमरेत ताठ. मरळीचा जबडा हाडाचा असतो आणि बेडकाचे दोन्ही हूक जाड, म्हणून लवचिक रॉडने हूक रुततच नाही. दुकानात बऱ्याचदा स्पिनिंगच्या नावाने मऊ रॉड हाती देतात आणि मग लोक रीलला दोष देतात. दोन तुकड्यांचा घ्या. मोटरसायकलवर सात फुटांचा अखंड रॉड दुपट्ट्याने बांधून नेण्याचे हाल मी सोसले आहेत.

ल्युअरच्या (नकली आमिषाच्या) बाबतीत तिन्ही ऋतूंत माझं थोडक्यात भागतं. उन्हाळ्यात पोकळ बेडूक, पहाटे आणि मावळतीला, पानांवरून ओढत आणून फटीत थांबवायचा. झेप पडली की लगेच झटका देऊ नका. दोरा ताणू द्या, मग मारा. दर चार-पाच फेकींनंतर बेडूक दाबून आतलं पाणी काढा, नाहीतर तो बुडून ओढला जातो. मृगाचा पाऊस पडून पाणी गढूळ झालं की काळा बेडूक, मागे फिरणारं पातं असलेला. गढूळ पाण्यात मरळ डोळ्यांपेक्षा आवाजावर येते, असा माझा अनुभव आहे. हिवाळ्यात, विशेषतः गोंदियाकडची थंडी पडली की, मासा पाण्यावर येऊन झेप घ्यायला आळसतो. तेव्हा ऊन चढल्यावर मऊ रबरी मासा, हूक आत लपवलेला, अगदी सावकाश ओढायचा. हा हलका ल्युअर स्पिनिंगवर सुखाने जातो, बेटकास्टरवर मला तो कधीच धड फेकता आला नाही.

पावसाळ्याबद्दल एक गोष्ट मनापासून सांगतो. सलंगाजवळ (तलावाचं जादा पाणी वाहून जातं तिथे) किंवा धानाच्या बांधीच्या तोंडाशी लालसर पिल्लांचा थवा पाण्यावर उकळल्यासारखा दिसला, तर तिथे बेडूक टाकू नका. खाली आई-बाप दोघंही राखण करत असतात, आणि राखणीच्या रागापायीच ते झेप घेतात. त्यांना उचललं की तो सगळा थवा इतर माशांच्या पोटात जातो. हे तलाव ढीवरांच्या मच्छीमार संस्थांकडे ठेक्याने असतात, तेव्हा गरी टाकण्याआधी संस्थेच्या माणसाला विचारा. थवा दाखवला तर तेही तुम्हाला हेच सांगतील.

तरीही मन बेटकास्टरकडे ओढत असेल तर पैसे देण्याआधी कुणाचं तरी एक दिवस मागून घ्या. लहान बेडूक लावा, संध्याकाळी पारेवर वाऱ्याकडे तोंड करून उभे राहा आणि दहा फेकी करा. दहाही सुरळीत गेल्या तर खुशाल घ्या, आणि जमलं तर मला तुमच्या अंगठ्याची पकड दाखवा.