तरोट्याचा देठ किती लांब? आयनॅचरलिस्ट वापरून झालेले दहा महिने

गेल्या जूनमध्ये मृगाचा पाऊस पडला आणि आठवडाभरात आमच्या ले-आउटमधल्या रिकाम्या प्लॉटवर हिरवंगार झालं. त्याच आठवड्यात मी आयनॅचरलिस्ट हे झाडं-प्राणी ओळखून नोंदवायचं अॅप मोबाइलवर घेतलं. आता एप्रिल चालू आहे. सव्वातीनशे नोंदी झाल्यात, बहुतेक सगळ्या झाडाझुडपांच्या. त्याआधी एक दुसरं अॅप होतं, नाव घेत नाही. ते प्रत्येक फोटोला छातीठोक एकच नाव सांगायचं आणि तिसऱ्या दिवशी पैसे मागायला लागलं.

आयनॅचरलिस्ट फुकट आहे. २००८ मध्ये बर्कलीच्या विद्यार्थ्यांनी अभ्यासक्रमाचा प्रकल्प म्हणून सुरू केलेलं हे काम आज एक ना-नफा संस्था चालवते. आपण फोटो टाकायचा, तारीख आणि जागा त्याच्यासोबत जाते. मग एआय नावांची एक यादी पुढे करतं. लोकांनी आधी टाकलेल्या आणि ओळखलेल्या फोटोंवरच ते शिकलेलं आहे, आणि आपल्या भागात काय सापडतं तेही ते बघतं. पण त्याचं म्हणणं म्हणजे निकाल नव्हे. त्यानंतर माणसं येतात. प्रजातीच्या नावावर ओळखणाऱ्यांपैकी दोन-तृतीयांशाहून जास्त जण एकमत झाले की नोंदीला ‘रिसर्च ग्रेड’ हा दर्जा मिळतो. लायसन्स खुलं ठेवलं असेल तर तिथून ती जीबीआयएफ या जागतिक साठ्यात जाते आणि कुठलाही संशोधक ती उतरवून घेऊ शकतो.

आता तरोट्याची गोष्ट. पश्चिम महाराष्ट्रात ज्याला टाकळा म्हणतात तोच. मी प्लॉटवरच्या झाडाचा पिवळ्या फुलासकट फोटो काढला. यादीत दोन नावं वर आली, सेना टोरा आणि सेना ऑब्टुसिफोलिया. दुसरं मूळचं अमेरिकेकडचं. फुलं जवळजवळ सारखीच, म्हणून मी ठोकून दिलं पहिलं नाव. सासूबाई मागे उभ्या होत्या. ‘अव माय, तरोटा व्हय थे! थ्याले मोबाइल कायले लागते?’

चार दिवसांनी बंगळुरूकडच्या कुणा अभ्यासकाची टिप्पणी आली: या फोटोवरून दोन्हीपैकी काहीही असू शकतं, शेंगेचा देठ मोजा आणि पानाच्या दांड्यावरच्या ग्रंथी दाखवा. पुन्हा प्लॉटवर गेले. तरोट्याच्या पानात पर्णिकांच्या तीन जोड्या असतात. टोरामध्ये खालच्या दोन्ही जोड्यांच्या मध्ये एकेक बारीक, खुंटीसारखी ग्रंथी असते. ऑब्टुसिफोलियात ती फक्त सगळ्यात खालच्या जोडीत. टोराच्या शेंगेचा देठही आखूड, सेंटिमीटरभर. मुलाची कंपासपेटीतली पट्टी घेऊन चिखलात उकिडवी बसले. दोन ग्रंथी दिसल्या, देठ एक सेंटिमीटरलाही पोचत नव्हता. तेवढे दोन फोटो जोडल्यावर नोंद पक्की झाली. चाळीस वर्षं हीच भाजी खातेय, ती ग्रंथी मला पहिल्यांदा त्या दिवशी दिसली.

तेव्हापासून एका झाडाचे चार फोटो काढते: अख्खं झाड, पानाची खालची बाजू, फूल बाजूने, आणि शेंग किंवा फळ. एआय फूल बघून पटकन बोलतं, पण ओळख पटवणारा माणूस पानाची पाठ मागतो.

‘रानटी’ आणि ‘लावलेलं’ या भानगडीत पहिले दोन महिने गेले. लावलेल्या झाडाला तसं नोंदवायचं, मग ते रिसर्च ग्रेडला जात नाही. म्हणजे आमच्या इमारतीच्या सांडपाण्याच्या पाइपात उगवलेला पिंपळ रानटी आणि मंदिराच्या पारावरचा भलामोठा पिंपळ लागवडीचा! गाजरगवत परदेशी असलं तरी आपलं आपण उगवतं, म्हणून तेही रानटीच. मेंदीचं कुंपण मात्र लावलेलं. एकदा डोक्यात बसलं की सोपं आहे.

एक गाढवपणा माझा. दिरांनी रामटेकहून कळलावीचे फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवले, मी तसेच चढवले. व्हॉट्सअॅपवरून आलेल्या फोटोत जागा आणि मूळ तारीख राहत नाही. मी आजची तारीख आणि घरचा पत्ता निवडला असणार, कारण नकाशावर कळलावी आमच्या गच्चीवर उगवली. दुसऱ्याचा फोटो आपल्या नावावर टाकायचाही नसतो, हेही तेव्हाच कळलं. दिरांना त्यांचं खातं उघडून दिलं.

फेब्रुवारीत पिवळ्या फुलांचा पळस सापडला. कुठे ते इथेही सांगत नाही. पिवळ्या पळसाच्या मागे लोक हात धुऊन लागतात. कुणाला साल हवी, कुणाला मूळ, कुणाला खाली गुप्तधन दिसतं. नोंदीची जागा धूसर करायची सोय आहे, ती वापरली. खूण सुमारे २०-२२ किलोमीटरच्या चौकोनात कुठेही पडते, म्हणजे अख्खं नागपूर त्यात मावतं. धोक्यातल्या प्रजातींसाठी हे आपोआप होतं, पण साध्या पळसासाठी आपणच आठवणीने करायचं.

गवताचं मात्र काही खरं नाही. कुसळी ओळखू येते, कारण गोरेवाड्याच्या जंगलातून आलं की ती सलवारीला टोचून घरापर्यंत येते. बाकीची गवतं एआयला कुळापर्यंत कळतात आणि पुढे सगळं थांबतं. कणसातली बारीक फुलं भिंगाखाली धरल्याशिवाय माणसांनाही सांगता येत नाही. माझी पन्नासेक गवतं ऑक्टोबरपासून ‘ओळख हवी’ म्हणून पडून आहेत. यात दोष कुणाला द्यायचा? भारतातली गवतं ओळखणारे मुळात किती!

जगभरातली शहरं ज्यात अशा नोंदी करायला उतरतात ते सिटी नेचर चॅलेंज एप्रिलच्या शेवटी येतं. युरोप-अमेरिकेकडे तेव्हा वसंत. आमच्याकडे सेमिनरी हिल्सवर पानगळ उरकलेली, अकरा वाजता फोन तापून स्वतःच बंद होतो. आमचं चॅलेंज कुणी ऑगस्टमध्ये ठेवलं तर मी रजा टाकून येईन.

घ्यावं का? पावसाळ्याच्या आधी घ्या आणि भिंग सोबत ठेवा. मात्र भाजी खुडायला याच्या भरवशावर जाऊ नका. कळलावीचा कंद विषारी असतो आणि फोटोतल्या नावावर कुणी ताटात काही वाढू नये. आमच्याकडे तो विभाग अजून सासूबाईंकडेच आहे. त्या हल्ली विचारतात, ‘थ्या बंगलोरच्या माणसानं काई लिहिलं का?’